बनुबाईचं लुगडं

दुधात कुस्करलेल्या भाकरीची वाटी हरणाबाईनं नवऱ्यापुढं सरकवली. बिराप्पानं वाटीकडं पाहिलं, मग तिच्या बांगड्यांकडं, मग तोंडाकडं, आणि वाटी हळूच परत सारली. रागानं नाही. परक्याच्या दारात टेकलेला वाटसरू जसा संकोचून नको म्हणतो, तसं.

"असू द्या बाई," तो म्हणाला. "आमची आय येईल आता. ती आली म्हंजी खाईन."

"आवं, मी हाय न्हवं."

"तुमी हायसा की. पर तुमी कोन?"

त्याची आय, म्हणजे बनुबाई, जाऊन जमाना झाला होता. मेंढरं घेऊन कराडकडं उतरताना, औंधच्या डोंगराखाली वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, पडला होता तिथं, तापानं गेली. तेव्हा विश्वजित हरणाबाईच्या पाठीवरच्या झोळीत होता. आता तो मदुराईला सोनं-चांदी गाळायचं, गलाईचं दुकान चालवत होता आणि त्याची पोरगी प्रांजल सांगलीत, विश्रामबागेत राहून फार्मसी शिकत होती. बिराप्पाला मात्र वाटायचं, आय जरा मागं राहिलीय. कुणाच्या तरी कोकराच्या पायात काटा मोडला असंल, तो काढत बसली असंल. येईल.

ती येईपर्यंत तो उपाशी राहायला तयार होता. आधी जेवण तुटलं, मग चहा. गळ्याखाली हाडाची खाच एवढी खोल पडली की तिच्यात चिमणीनं पाणी प्यावं. हरणाबाई समोर वाटी घेऊन बसायची, तो तिला आदरानं तुमी-तुमी करायचा, आणि त्या 'तुमी'नं तिच्या काळजाला घरं पडायची. लग्न झाल्यापासून त्यानं तिला कधी तुमी म्हटलं नव्हतं. 'हरणे' म्हणायचा. माळाच्या दुसऱ्या टोकाला असली तरी तिथंपर्यंत पोचणारी हाळी द्यायचा, "हरणे-ए". आणि तिनं "वो" दिली की मगच पुढं चालायचा.

तेवढंच तिला हवं होतं. एकदा. डोळे मिटायच्या आधी त्यानं तिच्याकडं बघून हरणे म्हणावं. मग दोघांतलं कुणीही आधी गेलं तरी चाललं असतं.

मागं आटपाडीहून एसटीनं दोघं सांगलीला गेली होती, तेव्हा प्रांजल स्टँडवर न्यायला आली होती. दवाखान्याच्या खिडकीतल्या पोरीनं विचारलं, "पेशंटचं नाव?" हरणाबाईनं नातीला कोपर लावलं.

"घे की आज्जे तूच," प्रांजल हसली. "इथं कुणी बघत नाही. उखाण्यात घे वाटलं तर."

"गप बस. सांग तिला."

नवऱ्याचं नाव तिनं आयुष्यात एकदाच घेतलं होतं, हळदीच्या अंगानं, सगळ्या वाड्यानं अडवून धरलं तेव्हा:

*आरेवाडीच्या बनात ढोल आला घुमून,*
*बिराप्पाचं नाव घेती मान खाली घालून.*

त्यानंतर ते नाव तिच्या ओठांवर आलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य उणं होतं, असं बनुबाईनंच सांगितलं होतं.

आतली डॉक्टरीण मऊ बोलायची. तिनं मेंदूचा फोटो उजेडात धरला. "आजी, मेंदूत कोट्यवधी पेशी असतात, पण एक दुसरीला चिकटलेली नसते. मधे बारीकशी फट असते. अलीकडची निरोप टाकते, पलीकडची झेलते. त्या जागेला सायनॅप्स म्हणतात. तेच ते निरोप पुन्हा पुन्हा गेले की ती जागा घट्ट होते. आठवण म्हणजे अशा घट्ट झालेल्या जागा. या आजारात आधी त्याच झिजतात. पेशी मरते नंतर, तिचं बोलणं तुटतं आधी."

हरणाबाई विचारात पडली. "म्हंजी हाळी," ती म्हणाली. "एका टेकावर ह्येनी, एका टेकावर ह्येंचा चुलतभाऊ. मदी वढा. ह्या टेकावरनं हाळी गेली की त्या टेकावरनं वो यायची. मेंढरं कुटं हायत ते त्यावरच कळायचं."

"अगदी तसंच."

"मग त्या टेकावर आता कुनीच न्हाई?"

"आहेत थोडे. पण उठून चाललेत." डॉक्टरीणबाईनं फोटो खाली ठेवला. "लहानपणच्या वाटा खूप मळलेल्या असतात, त्या शेवटी बुजतात. आईची वाट सगळ्यात शेवटी. नवी मात्र आता पडत नाही, आजी. आज शिकवलेलं उद्या टिकायचं नाही. त्यांना नवं काही शिकवायला जाऊ नका. त्यांनाही त्रास, तुम्हालाही."

हरणाबाईनं मान हलवली खरी, पण ती अजून त्या रिकाम्या टेकावरच उभी होती. पुढचं बोलणं तिच्या कानावरून वाऱ्यासारखं गेलं.

परतीच्या एसटीत बसवून देताना प्रांजलनं आजोबाच्या खांद्याची शाल सारखी केली. बिराप्पानं तिला निरखलं. "तू कुनाची गं?"

"तुमचीच की आबा. दुधावरची साय."

"व्हय? मग दूध कुटं सांडलं?"

प्रांजल हसता हसता खिडकीपासून बाजूला झाली, आणि गाडी हलेपर्यंत तिनं परत तोंड दाखवलं नाही.

बिराप्पानं चहाही सोडला, त्याच दिवसांत एका सकाळी शेजारचा हरिबा कुंपणापाशी येऊन उभा राहिला. त्याच्या मेंढीचं कोकरू मेलं होतं, आणि दुसऱ्या एका मेंढीनं जुळं टाकून जीव सोडला होता. त्यातलं एक जगलं होतं. आटलेल्या माळावर आता कालव्याचं पाणी आलं होतं, डाळिंबं लागली होती, मेंढरं कमी झाली होती. पण पोरकं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं झालं तर अजून हरणाबाईलाच बोलावत.

"वैनी, घेत न्हाई गं त्येला. ढुशी मारती."

"मारंलच की. तिला काय ठावं ह्ये कुनाचं."

तिनं मेलेल्या कोकराचं कातडं हलक्या हातानं सोडवलं, पोरक्या कोकराच्या अंगावर कुंची घालावी तसं घातलं, पायांतून ओढून घेतलं, पोटाखाली सुतळीनं बांधलं. मेंढीनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. शेपटीखाली नाक घातलं आणि घशातल्या घशात घुरघुरली. कोकरू आचळाला लागलं.

"आता काय दिस ऱ्हाऊ दे," हरणाबाई म्हणाली. "मग थोडं थोडं कापून काढ. शेपटाकडचं ठेव शेवटाला. तवर तिचंच दूध त्येच्या अंगातनं फिरतंय, त्येला तिचाच वास येतो. मग कातडं लागत न्हाई. त्येला त्ये म्हनूनच घेती."

बोलली आणि तशीच थांबली. हातातलं पातं पुसायचंही राहिलं.

"काय झालं, वैनी?"

"काय न्हाई," ती म्हणाली, आणि तरातरा घराकडं निघाली.

लोखंडी पेटीच्या तळाशी बनुबाईचं लुगडं होतं. हिरव्या काठाचं, इरकली, घडीवर विरलेलं. घरात जन्मलेल्या प्रत्येक पोराला पहिल्यांदा त्यातच गुंडाळलं होतं. हरणाबाईनं ते नेसलं सासूसारखं, पदर कपाळावर ओढून, दोन्ही खांदे झाकून. वर घोंगडं घेतलं. तव्यावर तंबाखू भाजून मिश्री केली. तिनं जन्मात कधी मिश्री लावली नव्हती, सासूच्या तोंडाच्या त्या वासानं नव्या नवरीपणी तिला मळमळायचं. आता बोटानं दातांवर घासली तर घेरी आली, डोळ्यांतनं पाणी आलं. मागच्या दारानं बाहेर पडली आणि माळावरनं यावं तशी पुढच्या अंगणात आली.

बिराप्पा ओट्यावर बसला होता. त्यानं नजर वर केली. नाकपुड्या हलल्या. ओळख त्याच्या तोंडावर आली, आणि उंबऱ्यावर अडखळावी तशी तिथंच अडखळली. बघता बघता मावळायला लागली.

तिला कळलं काय कमी आहे. आय त्याला आवं म्हणायची नाही, नावानं हाक मारायची.

जीभ उचलेना. आत कुठंतरी हळद लावलेली ती पोरगी मान खाली घालून उभी होती. हरणाबाईनं डोळे मिटले.

"बिरा," ती म्हणाली. "बिरा, ऊठ रं लेकरा. जेवून घे."

"आये." म्हाताऱ्याचा आवाज पोरासारखा फुटला. "कवा आलीस? किती वाट बघायची मी."

"आत्ताच आले. औंधाखालनं."

त्यानं वाटी संपवली, आणि वाटीतलं बोटानं पुसून चाटलं.

त्या दिवसापासून तो जेवायला लागला. सकाळी दूध-भाकरी, दुपारी हुलग्याच्या माडग्याची वाटी. गालावर जरा तुकतुकी आली. अंगावर हात फिरवला की डोळे मिटून पडायचा. ती बनुबाईच्या सुरात, बनुबाईच्याच घशातून निघावी तशी जाड ओवी म्हणायची; शब्द मात्र तिचे स्वतःचे असायचे:

*ह्या गं टेकाची हाळी त्या टेकाला जाती,*
*मदी कोरडा वढा, परतून येती माती.*

हरिबा एकदा ताकाला आला आणि दारातच थबकला. "आरं द्येवा. वैनी, एकदम म्हातारी झालीस की. आता बनुबाईगत शिव्या पन देशील."

"तुला तर आदीपासनंच देती."

"मिश्री लावतीस?"

"लावती."

हरिबा हसायला गेला आणि त्याला जमलं नाही. ताक न घेताच गेला.

आयजवळ बिराप्पा मनातलं बोलायचा. मेंढरांचं, कराडच्या ऊसवाल्यांचं, हरवलेल्या काठीचं. एकदा हलक्या आवाजात म्हणाला, "आये, एक थेरडी फिरती गं घरात. तू नसलीस की येती."

हरणाबाईचा हात त्याच्या केसांत थांबला. "काय करती?"

"काय न्हाई. माज्या तोंडाकडं बघत बसती. रडवी हाय लय."

"हाकलू तिला?"

"नको. गरीब दिसती. तिचं कुनी असंल तर सांगावा धाड. येतील, घिऊन जातील बिचारीला."

"धाडते," ती म्हणाली.

पण तिनं धीर सोडला नव्हता. तिच्या मते सगळं रीतीप्रमाणं चाललं होतं. तिच्या हातचं दूध त्याच्या अंगात फिरत होतं. आता कातडं थोडं थोडं उतरवायचं. आधी मिश्री कमी केली, नुसती नावाला. तो जरा कावराबावरा झाला, पण जेवला. मग घोंगडं टाकलं. त्या दिवशी तो अर्धंच जेवला, तरी जेवला. आणखी थोडे दिवस, असं ती स्वतःला समजावायची. शेपटाकडचं शेवटाला.

आणि मग त्या संध्याकाळी तो लाजला. खरोखर लाजला, मान खाली घालून अंगाखालच्या घोंगड्याची लोकर उपटायला लागला.

"आये, रागवू नगंस. आरेवाडीच्या जत्रंत एक पोरगी बघितली. काखंत कोकरू हुतं तिच्या. हातावर हरीण गोंदलंय. नाव बी हरणाच हाय."

हरणाबाईनं बाही खाली ओढून हातावरचं गोंदण झाकलं.

"लगीन करीन तर तिच्याशीच. तू विचार की तिच्या बाला."

"चांगली हाय व्हय पोरगी?"

"लय." त्याचे डोळे दिव्याच्या वातीसारखे हलले. "हसली की माळावर पाऊस पडल्यागत वाटतं बघ."

इतक्या वर्षांत त्यानं हे तिला कधी सांगितलं नव्हतं. धनगराची जात, असलं बोलणं कुठलं. सांगितलं ते आयला. ती त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली होती, आणि ती पोरगी त्याच्या आत जिवंत होती, कोकरू काखेत घेऊन. मधे होतं फक्त एक विरलेलं लुगडं.

रीत सांगत होती, थांब. तिला थांबवेना.

सकाळी तिनं चूळ भरून भरून तोंड धुतलं, स्वतःचं जांभळं लुगडं नेसलं, केसांना तेल लावलं. त्याच्यासमोर बसली आणि बाही वर करून हात पुढं केला.

"बघा. आरेवाडीच्या जत्रंत बघितली हुती न्हवं? मीच त्ये. मी हरणा."

त्यानं हात धरला. नीट धरला, मेंढीचा कान तपासावा तसा. गोंदण हिरवं निळं होऊन पसरलं होतं, कातडीच्या सुरकुत्यांत हरणाचे पाय विरघळले होते, शिंगं एकात एक मिसळली होती.

"ह्येला पाय न्हाईत," तो म्हणाला.

"हायत की. हे बघा, इथं."

"हरणाचं हरीण पळत हुतं." त्यानं हात सोडून दिला. मग आजूबाजूला बघायला लागला. "आय कुटं हाय?"

"आवं, ऐका जरा..."

"माज्या आयेला काय केलंस तू?"

ओळख विसरल्यापासून, तिला आय न समजता, पहिल्यांदाच तो तिला तू म्हणाला. काठी त्यानं उचलली पण मारली नाही. तिच्यापुढं आडवी धरून, तिच्यापासून घर वाचवावं तसा मागं मागं सरकत दाराबाहेर पडला, आणि वळून चालायला लागला. पावलं झपझप. मावळतीकडं, औंधच्या वाटेला.

हरिबानं त्याला दुपारी कालव्याच्या कडेवरून आणलं. पायांत बाभळीचे काटे मोडलेले, ओठ पांढरे. हरणाबाईनं पाणी पुढं केलं तर त्यानं तोंड फिरवलं.

प्रांजलचा फोन आला. हरणाबाईनं तिला सगळं सांगितलं, कोकरापासनं.

"आज्जे," प्रांजल म्हणाली, "डॉक्टर म्हणाल्या होत्या ना. नवी जागा आता जुळत नाही म्हणून. ते रोज तुझ्या हातचं जेवले, पण त्यातलं काही आत टिकलंच नाही गं. रोज पहिल्यांदाच जेवत होते."

"मेंढी शिकती की गं. मुकं जनावर शिकतं."

"मेंढीचा मेंदू धड असतो, आज्जे."

"म्हंजी कातडं कवाच काडायचं न्हाई?"

फोनमधून प्रांजलच्या रडण्याचा आवाज येत राहिला, आणि हरणाबाई तो ऐकत राहिली. स्वतः मात्र रडली नाही. तेवढीही उसंत नव्हती. पोटात अन्न नसलेला माणूस ओट्यावर बसला होता.

तिनं तवा तापवला. तंबाखू भाजली. तेल लावलेल्या केसांवरून इरकली पदर ओढला, घोंगडं घेतलं. आता घेरी आली नाही. मागच्या दारानं निघाली, पुढच्या अंगणात आली, आणि नाव तोंडातून अगदी सहज निघालं, जणू ती त्याच नावाला जन्म देऊन बसली होती.

"बिरा. भूक लागली न्हाई व्हय रं?"

"आये," तो म्हणाला, आणि तिच्या पदरात तोंड खुपसलं. "ती थेरडी, आये. तिनं हरणाचं हरीण चोरलंय. हातावर घिऊन फिरती."

"गेली ती. आता न्हाई यायची."

"खरं?"

"खरं."

ती शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसली, भाकरी कुस्करायला घेतली. त्याच्या पायांतले काटे जेवण झालं की काढायचे होते. ऊन उतरत आलं होतं. माळ तांबूस झाला होता आणि हरिबाच्या वाघरीच्या जाळीतून ते कोकरू ओरडत होतं; त्याच्या अंगावरचं कातडं कालच सगळं काढलं होतं, मेंढी त्याला चाटत होती.

बिराप्पा उठून अंगणाच्या टोकाला गेला. कमरेवर हात ठेवून दूरवर बघत राहिला.

"आये, विचारलंस का तिच्या बाला?"

"विचारलं. येतीया म्हनाला."

"कवा?"

"येईल रं. जेव आदी."

"थांब. हितनं हाळी दिली तर पोचंल तिला."

त्यानं दोन्ही हात तोंडाशी नेले. छाती भरून घेतली. आणि कित्येक दिवसांत न निघालेला तो आवाज निघाला, वयानं चिरकलेला, तरी ओळखीचा, माळाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा.

"हरणे-ए."

तिच्या पाठीचा कणा ताठ झाला. वो गळ्यापर्यंत आली. मिश्रीच्या कडू तोंडात ती जिभेवर उभी राहिली.

त्यानं कान दिला. वाट बघितली. पुन्हा हाळी दिली.

हरणाबाईनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि दुधात भाकरी कुस्करत राहिली.